घटस्फोट झाला, फोन थांबले नाहीत : संरक्षण आदेशाविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पोटगीवर लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांत पोटगीपेक्षा दुसऱ्याच एका विषयावरची पत्रे जास्त निघाली. लग्न कायद्याने संपले, तरी पूर्वीचा जोडीदार दारात, ऑफिसात, मुलाच्या शाळेबाहेर येतोच आहे. अशा वेळी संरक्षण आदेश (त्रास देण्यास, भेटण्यास किंवा संपर्क करण्यास मनाई करणारा न्यायालयाचा आदेश) मिळतो का, आणि मिळाला तर तो पाळला जावा म्हणून काय करायचे, असे हे प्रश्न आहेत. उत्तरे महाराष्ट्रातल्या न्यायालयांचा रोजचा व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. वाचकांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी परस्पर संमतीने घटस्फोट झाला. अटींप्रमाणे मी डीव्हीची (कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालची) केस मागे घेतली. गेले काही महिने ते वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करतात, ऑफिसच्या गेटवर उभे राहतात, 'तुला सुखाने जगू देणार नाही' म्हणतात. एका वकिलांनी सांगितले की घटस्फोटानंतर डीव्ही चालतच नाही. खरे आहे का? (नाशिक)

अर्धेच खरे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (२६ ऑक्टोबर २००६ पासून लागू) यात पीडित व्यक्ती म्हणजे जिचे समोरच्याशी कौटुंबिक नाते 'आहे किंवा होते' अशी स्त्री. त्यामुळे 'माजी पत्नी' एवढ्याच कारणावरून दार बंद होत नाही.

तुमच्या वकिलांच्या मनात बहुधा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा ग्रेवाल निकाल असावा. त्यात संमतीने घटस्फोट झाल्यानंतर केलेली तक्रार रद्द झाली होती आणि समोरचा पक्ष तो निकाल हमखास पुढे करतो. पण २०१४ च्या जुवेरिया पटनी निकालात न्यायालयाने म्हटले की घटस्फोटाआधी घडलेल्या हिंसेची जबाबदारी नंतरच्या घटस्फोटाने पुसली जात नाही. १२ मे २०२२ च्या 'प्रभा त्यागी वि. कमलेश देवी' या निकालाने तर आणखी पुढचे सांगितले : अर्ज करताना नाते चालू असलेच पाहिजे असे नाही, आणि त्या नात्यामुळे 'नंतर' हिंसा झाली तरी अर्ज करता येतो. तुमची केस या शेवटच्या वाक्यात बसते.

तरीही स्पष्ट सांगतो, फक्त घटस्फोटानंतरच्या घटनांवर उभ्या असलेल्या अर्जाकडे सगळी न्यायालये सारख्या नजरेने पाहत नाहीत. म्हणून अर्जाची मांडणी महत्त्वाची. आधी एकत्र राहण्याचा काळ लिहा. मग जुन्या केसचा क्रमांक आणि ती कोणत्या अटीवर मागे घेतली ते लिहा. ते लपवू नका, समोरचा पक्ष पहिल्याच तारखेला केस मागे घेतानाची तुमची पुरसिस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन) दाखल करील आणि तुमचा शब्द हलका होईल. त्यानंतर नव्या घटना तारखेनिशी, आणि प्रत्येक घटनेचा त्या लग्नाशी संबंध काय तेही : तो पोटगीवरून बोलला, मुलावरून बोलला, की पुन्हा एकत्र राहण्यावरून. मागे घेतलेल्या केसमधल्या जुन्याच घटना पुन्हा उगाळल्या तर अर्ज तिथेच अडतो. नव्या घटनांना तुमची जुनी पुरसिस आड येत नाही.

सोबत दुसरी वाटही उघडी ठेवा. स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुष स्त्रीचा पाठलाग करतो किंवा वारंवार संपर्क करतो, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. त्याला ना लग्न लागते, ना घटस्फोटाचा हिशेब. 'स्पष्ट नकार' सिद्ध व्हावा म्हणून एकदाच, शांत भाषेत, लेखी कळवा : 'यापुढे मला कोणत्याही मार्गाने संपर्क करू नका.' त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर देऊ नका. रागाच्या भरात दिलेली पाच उत्तरे उलटतपासणीत तुमच्यापुढेच ठेवली जातात.

प्रश्न : अर्ज नेमका कुठे आणि कसा करायचा? किती दिवस लागतात? मी सध्या भावाकडे राहते. (कोल्हापूर)

भावाकडे राहता म्हणजे कोल्हापूरलाच करा. २००५ च्या कायद्याच्या कलम २७ मध्ये (पुढेही नुसते 'कलम' असेल तिथे हाच कायदा) तुमचे तात्पुरते वास्तव्यही चालते. शिवाय तुमच्या नोकरीचे ठिकाण, त्याचे राहण्याचे किंवा नोकरीचे ठिकाण आणि घटना घडली ते ठिकाण, यांपैकी कुठलेही चालते. आदेश मात्र साऱ्या भारतात लागू असतो.

अर्ज न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग यांच्याकडे, कलम १२ खाली, नियमांतल्या नमुना २ मध्ये. लगेच आदेश हवा असेल तर त्यासोबत नमुना ३ चे शपथपत्र. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) गेलात तर ते नमुना १ मध्ये घरगुती घटना अहवाल भरतात. त्यांचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात मिळतो. हा अहवाल नसला तरी दंडाधिकारी आदेश देऊ शकतात, हेही प्रभा त्यागी निकालात स्पष्ट झाले आहे. 'अहवाल आला नाही' म्हणून तारखा पडत असतील तर वकिलांना तो निकाल दाखवायला सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. प्राधिकरणाचा फोन १५१००.

कायदा म्हणतो की पहिली तारीख साधारण ३ दिवसांत, नोटीस बजावणी २ दिवसांत, आणि पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात अंतिम निकाल इतक्यात लागताना क्वचितच दिसतो. म्हणून सगळा जोर कलम २३ च्या अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशावर लावायचा. दंडाधिकाऱ्यांना प्रथमदर्शनी हिंसा घडली, घडते आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे शपथपत्रावरून वाटले, तर समोरच्याचे म्हणणे येण्याआधी एकतर्फी आदेश देता येतो.

तो मिळत नाही तेव्हा कारण बहुतेक वेळा शपथपत्रातच सापडते. 'सामनेवाला मला वारंवार शारीरिक व मानसिक त्रास देतो व माझ्या जीवितास धोका आहे' हे वाक्य इतक्या अर्जांत जसेच्या तसे असते की ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्याऐवजी असे लिहा : 'सोमवारी सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास सामनेवाला माझ्या कार्यालयाच्या फाटकाशी आला, माझ्या दुचाकीची किल्ली काढून घेतली व "केस टाकलीस तर भावाला बघतो" असे म्हणाला. त्या वेळी फाटकावरील रखवालदार हजर होता.' तारीख, वेळ, जागा, शब्द, साक्षीदार. अशा तीन घटना पुरतात. तीस लिहिल्या तर वाचणाऱ्याची नजर सगळ्यांत मोठ्या घटनेपर्यंत पोचत नाही.

दुसरी अडचण बजावणीची. नोटीस 'घर बंद' किंवा 'पत्त्यावर राहत नाही' अशा शेऱ्याने परत येते आणि दोन-तीन महिने जातात. अर्जातच त्याचा घरचा, कामाचा आणि आईवडिलांचा पत्ता, मोबाइल नंबर आणि ईमेल द्या. पगारदार माणसाला कामाच्या ठिकाणी नोटीस पोचवणे सर्वांत सोपे.

प्रश्न : मला अंतरिम आदेश मिळाला आहे : 'सामनेवाल्याने अर्जदारास कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये.' पण तो शाळेबाहेर थांबतो, मुलाच्या हातून निरोप पाठवतो. पोलीस म्हणतात, यात त्रास कुठे आहे? मुलाला भेटण्याचा त्याला कौटुंबिक न्यायालयाने दर शनिवारी हक्क दिला आहे. (पुणे)

आदेशाची खरी ताकद त्याच्या शब्दांत असते आणि तुमचा आदेश तिथेच दुबळा आहे. 'त्रास' म्हणजे काय हे ठाणे अंमलदाराने रात्री दहा वाजता ठरवायचे असेल तर तो ठरवणार नाही. आदेशातली मनाई अशी हवी की ती मोडली की नाही हे घड्याळ आणि पत्ता पाहून कळावे.

कलम १८ मध्ये मागण्यासारखे पुष्कळ आहे आणि बहुतेक अर्जांत त्यातले निम्मेही मागितलेले नसते. तुमच्या कामाच्या ठिकाणी, मुलाच्या शाळेत किंवा तुमचे नेहमी जाणे-येणे असलेल्या इतर जागी येण्यास मनाई. प्रत्यक्ष, तोंडी, लेखी, फोनवर किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्कास मनाई. संयुक्त खाते, लॉकर, स्त्रीधन यांची विल्हेवाट लावण्यास मनाई. तुम्हाला मदत करणारे नातेवाईक किंवा इतर कोणी यांना इजा करण्यास मनाई. हे शेवटचे कलम भाऊ-बहिणींसाठी फार कामाचे आहे, पण ते मागायचे कोणाला आठवत नाही.

आता सुधारित आदेशासाठी अर्ज द्या (कलम २५ च्या पोटकलम २ प्रमाणे, अंतरिम आदेशानंतर घडलेल्या गोष्टी दाखवून) आणि विनंतीचा मजकूर असा ठेवा :

'सामनेवाल्याने स्वतः किंवा इतर कोणामार्फत, अल्पवयीन मुलामार्फतसुद्धा, अर्जदाराशी कोणत्याही मार्गाने संपर्क साधू नये. अर्जदाराचे निवासस्थान (पूर्ण पत्ता), कार्यालय (पूर्ण पत्ता) व मुलाची शाळा (पूर्ण पत्ता) यांपासून १०० मीटरच्या आत येऊ नये. अपवाद : कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे दर शनिवारी सकाळी ११ वाजता मुलाचा ताबा घेणे व सायंकाळी ५ वाजता परत देणे, तेही (ठरलेल्या जागी) अर्जदाराच्या भावाच्या हस्ते. भेटीच्या वेळेतील बदलाबाबतच फक्त एका ईमेलवर लेखी कळवावे.'

अंतर किती असावे याचा आकडा कायद्यात नाही. तो न्यायालय 'इतर कोणतीही कृती' या तरतुदीखाली ठरवते. शाळा आणि त्याचे घर एकाच गल्लीत असेल तर १०० मीटर मागूच नका, आदेश पहिल्याच दिवशी अशक्य ठरेल आणि तोही बरोबर तेच म्हणेल.

अपवादाचे वाक्य आम्ही मुद्दाम लांबवले. मनाई एका न्यायालयाची आणि भेटीचा हक्क दुसऱ्या न्यायालयाचा, असे असले की शनिवारची सकाळ हीच भांडणाची जागा होते. तो म्हणतो, 'मी हक्काने आलो.' तुम्ही म्हणता, 'आदेश मोडला.' पोलीस दोघांच्या हातातले दोन कागद बघून दोघांनाही घरी पाठवतात. ताबा-हस्तांतर तिऱ्हाईतामार्फत, किंवा न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या भेटीच्या खोलीत, ठरवून मागून घ्या. भेटीत मुलालाच धोका असेल तर कलम २१ प्रमाणे दंडाधिकारी भेट नाकारूही शकतात. पण त्यासाठी मुलाच्या वर्तनातला बदल शाळेच्या किंवा डॉक्टरांच्या कागदावर दिसायला हवा. आईचे म्हणणे एवढ्यावर ती भेट बंद होत नाही, आणि होऊही नये.

प्रश्न : ताब्याचा अर्ज वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. संरक्षणासाठी वेगळे दंडाधिकाऱ्यांकडे जावे, की तिथेच मागावे? (मुंबई)

दोन्ही मार्ग मोकळे आहेत. कलम २६ प्रमाणे कलम १८ ते २२ मधली कोणतीही दाद चालू असलेल्या कौटुंबिक, दिवाणी किंवा फौजदारी प्रकरणात मागता येते. एका ठिकाणी मिळालेली दाद दुसऱ्या ठिकाणी कळवणे मात्र तुमच्यावर बंधनकारक आहे.

कौटुंबिक न्यायालयाचा फायदा असा की ताबा, भेट, पोटगी आणि संरक्षण एकाच न्यायाधीशांसमोर राहते, वर लिहिलेला शनिवारचा गोंधळ होत नाही. तोटा वेळेचा. तिथे प्रकरण समुपदेशकाकडे जाते आणि तडजोडीचा प्रयत्न हा त्या न्यायालयाच्या कामाचाच भाग आहे. मारहाणीची भीती असेल तर आधी दंडाधिकाऱ्यांकडून अंतरिम आदेश घ्यावा आणि बाकीचे कौटुंबिक न्यायालयात ठेवावे, असे आमचे मत. दोन्ही प्रकरणे एकत्र चालावीत असे नंतर वाटले तर उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा अर्ज करता येतो.

एक बारकावा. कौटुंबिक न्यायालयाने आदेश दिला तर त्यात 'अधिनियम २००५ च्या कलम १८ सह कलम २६ अन्वये' हे शब्द असू द्या. नुसते 'अंतरिम अर्ज निशाणी अमुक मंजूर' असे असेल तर पोलीस तो साधा मनाई हुकूम समजतात आणि 'दिवाणी मामला आहे' म्हणून परत पाठवतात.

प्रश्न : आदेश मोडला म्हणून तक्रार द्यायला गेले तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेतली आणि कोर्टात जा म्हणाले. (सोलापूर)

एनसी घेणे चूक आहे. संरक्षण आदेश किंवा अंतरिम संरक्षण आदेश मोडणे हा कलम ३१ प्रमाणे गुन्हा आहे : एक वर्षापर्यंत कैद, किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ३२ त्याला दखलपात्र (पोलीस स्वतः गुन्हा नोंदवून तपास करू शकतात असा) आणि अजामीनपात्र ठरवते. त्याच कलमात असेही आहे की एकट्या पीडितेच्या साक्षीवरून गुन्हा घडल्याचा निष्कर्ष काढता येतो.

ठाण्यात जाताना हातात आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल हवी. ती पक्षकारांना मोफत मिळते (कलम २४), आणि न्यायालयाने एक प्रत हद्दीतल्या ठाण्यालाही पाठवायची असते. ती पोचली का हे आदेश झाल्यावर आठवड्याभरात स्वतः जाऊन पाहा. नसेल तर तुमची प्रत आवक शिक्का मारून द्या आणि पोच घ्या. भर रात्री, अंगावर आलेल्या माणसाविषयी सांगताना, आदेश म्हणजे काय हे समजावण्यात वेळ जाता कामा नये.

तक्रार एका पानाची पुरे. पहिल्या ओळीत प्रकरण क्रमांक, आदेशाची तारीख आणि मोडलेल्या मनाईचा परिच्छेद. मग घटना. शेवटी 'कलम ३१ प्रमाणे गुन्हा नोंदवावा'. बारा वर्षांच्या संसाराची कहाणी इथे नको, ती अर्जात आहे.

तरीही नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना (आयुक्तालयात वरिष्ठ अधिकाऱ्यांना) टपालाने पाठवा आणि नंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. 'आधी प्राथमिक चौकशी करतो' असेही उत्तर मिळते. १७३(३) मधली ती मुभा तीन वर्षे ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे, कलम ३१ त्यात येत नाही. संरक्षण अधिकाऱ्यांना लेखी कळवलेत तर नियम १५ प्रमाणे त्यांनी ती तक्रार आदेशाच्या प्रतीसह दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची असते. प्रसंग चालू असेल तर ११२, नाहीतर महिला हेल्पलाइन १८१.

दोन गोष्टी मनाशी बांधून ठेवा. दखलपात्र म्हणजे त्याच रात्री अटक असे नव्हे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत पोलीस आधी हजर राहण्याची नोटीस देऊ शकतात. आणि आदेश मोडल्याच्या तक्रारीला मुदत आहे, एक वर्ष. मूळ कलम १२ च्या अर्जाला ही मुदत लागत नाही (सर्वोच्च न्यायालय, एप्रिल २०२२). या दोहोंची गल्लत करून 'पाच-सहा घटना जमल्या की एकदम देऊ' म्हणणाऱ्या पहिल्या घटना हातच्या घालवून बसतात.

प्रश्न : माझ्यावर संपर्क न करण्याचा आदेश आहे. तीच फोन करते, कधी भेटायलाही बोलावते. मी गेलो तर गुन्हा होतो का? (सातारा)

होतो. आदेश तुमच्यावर आहे, तिच्यावर नाही. तिच्या बोलावण्याने न्यायालयाचा आदेश सैल होत नाही. फोन उचलू नका, परत फोन करू नका. तिचे कॉल आणि मेसेज जसेच्या तसे ठेवा आणि कलम २५(२) प्रमाणे आदेश बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा अर्ज करा. सप्टेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार परिस्थितीतला बदल मूळ आदेशानंतरचा असावा लागतो. म्हणजे 'मुळात आदेशच चुकीचा होता' हे इथे ऐकून घेतले जाणार नाही. ते म्हणायचे तर कलम २९ खाली सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील. अंतिम आदेशाला तारखेची मर्यादा नसते, तिने स्वतः अर्ज करून उठवेपर्यंत, किंवा वर सांगितलेल्या अर्जावर न्यायालयाने बदलेपर्यंत, तो चालू राहतो. 'दोन वर्षे झाली, आता संपला असेल' या समजुतीने शिक्षेपर्यंत गेलेली माणसे आहेत.

मुलाच्या तातडीच्या गोष्टीसाठी संपर्क लागतोच. त्यासाठी आदेशात एक ईमेल किंवा एक मध्यस्थ घालून घ्या.

प्रश्न : माजी पत्नी दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर तमाशा करते, फेसबुकवर बदनामी करते. पुरुषाला संरक्षण आदेश मिळत नाही का? (अहिल्यानगर)

२००५ च्या कायद्याखाली नाही. तिथे अर्जदार स्त्रीच असते. पण हात बांधलेले नाहीत. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ७ च्या स्पष्टीकरणातील खंड (ड) प्रमाणे 'वैवाहिक नात्यातून उद्भवलेल्या परिस्थितीत' मनाई हुकूम मागता येतो आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही खुला आहे. दुकानात येऊ नये, अमुक प्रकारचा मजकूर टाकू नये, अशी नेमकी मागणी करा. तात्पुरता मनाई हुकूम मोडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २-अ खाली मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. त्या न्यायालयात वकील लावायला परवानगी घ्यावी लागते. ती बहुतेक वेळा मिळते, पण अर्ज द्यायला विसरू नका.

धमकी असेल तर न्याय संहितेचे कलम ३५१. शांतताभंगाची भीती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १२६ : कार्यकारी दंडाधिकारी एक वर्षापर्यंतचे बंधपत्र घेऊ शकतात. दुकानातला कॅमेरा चालू ठेवा आणि त्या दिवसाचे चित्रण लगेच वेगळे जतन करा. बहुतेक यंत्रांत जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, आणि तक्रारदार महिन्याभराने पेनड्राइव्ह शोधू लागतो.

प्रश्न : घटस्फोटानंतर सासरच्या घरात राहण्याचा हक्क राहतो का? (लातूर)

अंतिम हुकूमनाम्यानंतर तो फार दुबळा होतो, कारण कलम १७ चा हक्क नाते चालू असण्याशी जोडलेला आहे. त्या घरावर झुंजत राहण्यापेक्षा भाड्याची रक्कम किंवा पर्यायी घर आणि कायम पोटगी (हिंदू विवाह कायदा, कलम २५) यावर जोर द्यावा. हुकूमनाम्याविरुद्ध अपील चालू असेल तर चित्र वेगळे, कागद वकिलांना दाखवा.

प्रश्न : त्याने डीव्हीतली पोटगी थांबवली. हाही आदेशभंगच ना? कलम ३१ लावता येईल? (जळगाव)

कलम ३१ मध्ये शब्द 'संरक्षण आदेश' असा आहे आणि पैशाचा आदेश त्यात बसतो का, यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. त्या वादात वर्ष घालवू नका. सरळ वसुलीचा अर्ज करा. नोकरदार असेल तर कलम २०(६) प्रमाणे त्याच्या मालकाला पगारातून परस्पर रक्कम भरण्याचा आदेश मागा, हा उपाय वॉरंटपेक्षा लवकर लागू पडतो. 'पगारच नाही' म्हणत असेल तर 'रजनेश वि. नेहा' (४ नोव्हेंबर २०२०) प्रमाणे मालमत्ता व उत्पन्नाचे शपथपत्र त्याने दिले आहे का ते पाहा. नसेल तर रोजनाम्यात (न्यायालयाच्या कामकाजाच्या नोंदीत) तशी नोंद करून घ्या.

प्रश्न : मेसेज आणि रेकॉर्डिंग पुरावा म्हणून कसे द्यायचे? प्रिंट चालते? (ठाणे)

नुसती प्रिंट पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र सोबत लागते. त्याचे दोन भाग असतात : पहिला तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल नंतर बदललेली नाही हे तपासण्याचा तिचा सांकेतिक क्रमांक) लिहावे लागते. अंतरिम आदेशाच्या वेळी शपथपत्रासोबत जोडलेल्या प्रतीवर काम भागते, पण आदेशभंगाच्या खटल्यात प्रमाणपत्र नसेल तर पुरावा बाजूला पडू शकतो.

स्क्रीनशॉट कापू नका, वरचा नंबर, तारीख आणि वेळ दिसू द्या. नाव सेव्ह केले असेल तर नंबर दिसणारे संपर्काचे पानही घ्या, नाहीतर 'तो माझा नंबरच नाही' हे उत्तर ठरलेले. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, आपल्याला गैरसोयीचे मेसेज त्यात असले तरी. मूळ मेसेज पुसू नका आणि फोन बदलला तर जुना विकू नका. त्याच्या फोनमध्ये किंवा ईमेलमध्ये शिरून काही काढू नका, तो तुमच्यावर उलटणारा गुन्हा होतो.

प्रश्न : माझ्या बहिणीला न्यूयॉर्कच्या फॅमिली कोर्टाने माजी पतीविरुद्ध ऑर्डर ऑफ प्रोटेक्शन दिली आहे. ती आता पुण्याला परत आली, तोही आला आहे. ती ऑर्डर इथे चालेल का? (पुणे)

पुण्यातले पोलीस त्या आदेशावर थेट कारवाई करू शकणार नाहीत. परदेशी निवाड्यांची थेट अंमलबजावणी करणारे दिवाणी संहितेचे कलम ४४-अ केवळ पैशाच्या हुकूमनाम्यांसाठी आहे, आणि ते ज्या देशांच्या न्यायालयांना लागू आहे त्यांच्या यादीत अमेरिका नाहीही. न्यूयॉर्कमध्ये माजी जोडीदाराला हा आदेश फॅमिली कोर्ट अॅक्टच्या आठव्या प्रकरणाखाली मिळतो आणि त्याला मुदत असते : साधारणपणे दोन वर्षांपर्यंत, गंभीर परिस्थितीत पाच वर्षांपर्यंत. म्हणून आधी त्यावरची शेवटची तारीख पाहा.

इथे नवा अर्ज करावा लागेल. बहीण पुण्यात राहते आहे, तेवढे कलम २७ ला पुरते. न्यूयॉर्कचा आदेश आणि त्यासोबतचा मूळ अर्ज पुरावा म्हणून जोडा. न्यायालयाची प्रमाणित प्रत घ्या, मग काउंटी क्लर्कचे प्रमाणन आणि न्यूयॉर्क राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ स्टेटकडून अपोस्टील (कागद खरा असल्याचे दुसऱ्या देशासाठीचे प्रमाणन). दोन्ही देश अपोस्टील कराराचे सदस्य असल्याने वकिलातीचा फेरा लागत नाही. हे होईपर्यंत थांबायचे मात्र कारण नाही. साध्या प्रतीसह, आणि तो पुण्यात आल्यापासूनचे फोन व भेटी नमुना ३ च्या शपथपत्रात लिहून, अर्ज याच आठवड्यात करावा आणि अपोस्टील केलेली प्रत आली की पुरसिसने दाखल करावी.